लो केलेल्या गाडीचा टायर आर्चला घासतोय? फेंडर रोलिंग घाई न करता नीट कसं करायचं

गाडी चाळीस एमएम खाली घेतली की उभी राहिल्यावर दिसते भारी आणि वळणावर बसून पण मस्त जाते, ते सगळं खरंय, पण मग एक दिवस मागे तीन माणसं बसतात, डिकीत बॅगा असतात आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना मागच्या चाकाजवळून खर्रर्र असा आवाज येतो. पहिल्यांदा वाटतं खडा अडकला असेल. तो खडा नसतो, टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आतल्या कडेला घासत असतो. चाकावरची ती गोल कमान म्हणजे आर्च, आणि तिची आतली कड दाबून आत वळवायची म्हणजे फेंडर रोलिंग.

माझी गाडी पोलो, चाकणलाच बनलेली, म्हणून पुढची उदाहरणं तिचीच देतोय, पण पद्धत स्विफ्ट, सिटी, व्हर्ना कशालाही तीच. माझ्याकडे हे कळलं आंबा घाटात. पुण्याहून कोल्हापूरमार्गे रत्नागिरीला चाललो होतो, मागे आई, बाबा आणि काकू, डिकी गच्च. घाटात प्रत्येक डाव्या वळणावर आवाज येत होता, साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा मागच्या उजव्या टायरवर हात फिरवला तर खांद्यावर, म्हणजे टायरचा तळ आणि बाजू मिळतात त्या कडेवर, गोल चर पडलेला, नख आत जाईल एवढा खोल. घरचे आत बसलेले आणि टायर असा कापला जातोय हे बघून पोटात गोळा आला. तिथून पुढे चाळीसच्या वर गाडी नेली नाही. म्हणून सांगतो, "थोडंसं घासतंय, चालतंय" असं म्हणू नका. टायरचा साइडवॉल हा सगळ्यात पातळ भाग असतो आणि पत्र्याची कड म्हणजे सुरी आहे, हायवेला तो टायर फुटला तर काय होईल हे सांगायची गरज नाही.

मी पहिल्या वेळी काय चूक केली ते पण सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. पुण्यात परत आल्यावर एका डेंटिंगवाल्याकडे गेलो, त्याने हातोडी घेतली आणि पंधरा मिनिटांत कड आत ठोकून दिली. आवाज बंद झाला, मी खूश. एक पावसाळा गेला, गाडी दोन-तीनदा कोकणात जाऊन आली आणि दिवाळीत धुताना आर्चच्या कडेला रंगाखाली फुगे दिसले. नखाने उकरलं तर आत तांबेरा. पत्रा वाकला होता बरोबर, पण रंग तडकला होता, जोडावरचं सीलंट फाटलं होतं आणि ते कोणी परत भरलंच नव्हतं. नंतर ते सगळं उघडून, घासून, परत रंगवून घ्यायला आधीच्या कामाच्या कितीतरी पट खर्च आला. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की फेंडर रोलिंगमध्ये वाकवणं हे अर्धंच काम आहे, नंतर सील करणं हे उरलेलं अर्धं, आणि लोक नेमकं तेच सोडतात.

आधी नक्की कुठे घासतंय ते शोधा

"टायर घासतो" म्हणजे चार वेगवेगळे प्रॉब्लेम असू शकतात. एक, टायरचा बाहेरचा खांदा आर्चच्या आतल्या कडेला लागतो, त्याला आपण लिप म्हणतो. दोन, पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आर्चच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, म्हणजे लायनरला, किंवा बंपरच्या टोकाला लागतो. तीन, टायरची आतली बाजू स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) किंवा स्प्रिंगच्या बशीला लागते. चार, टायर वरती आतल्या छताला टेकतो. यातला फक्त पहिला प्रॉब्लेम रोलिंगने सुटतो. बाकी तिन्हींसाठी फेंडरला हात लावून काहीच उपयोग नाही आणि मी अशी गाडी बघितली आहे जिचे चारही आर्च ठोकून झाले आणि घासत होता तो आत स्ट्रटला.

शोधायचं कसं, तर आधी आर्च आतून ब्रश आणि पाण्याने स्वच्छ धुवा, मातीचा थर असेल तर काही कळणार नाही. मग टॉर्च घेऊन बघा, जिथे घासतंय तिथे रंग किंवा अंडरकोटिंग पुसून चकचकीत झालेलं असतं. टायरवर खडूने आडव्या रेघा मारा, चारी टायरवर, खांद्यापासून साइडवॉलपर्यंत. लिपच्या खाली शाळेतल्या मुलांची प्लॅस्टिसिनची चिकणमाती असते तिचे बोराएवढे गोळे तीन-चार ठिकाणी चिकटवा. मग मागे तीन जणांना बसवा, खरोखरची माणसं बसवा, रिकाम्या गाडीची टेस्ट काही कामाची नाही, आणि सोसायटीजवळच्या स्पीडब्रेकरवरून सावकाश जा, नंतर एखाद्या मोकळ्या जागी दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवून रिव्हर्स आणि फॉरवर्ड घ्या. परत येऊन बघा खडू कुठे पुसला गेलाय आणि गोळा किती चेपलाय. गोळ्याची उरलेली जाडी म्हणजे तुमच्याकडे उरलेली जागा. पूर्ण भाराने पूर्ण दबल्यावर निदान पाच-सहा एमएम जागा राहिली पाहिजे, कारण वळणावर टायर स्वतः पण थोडा बाजूला सरकतो.

मागच्या बाजूला याहून पक्की टेस्ट करता येते. पोलोसारख्या टॉर्शन बीमवाल्या (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम असलेल्या) गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, म्हणजे गाडी स्टँडवर घेऊन, बीमखाली जॅक लावून शॉकअपचा खालचा बोल्ट काढला आणि बीम हळूहळू खाली सोडला की स्प्रिंग हाताने निघतो. मग शॉकअप परत लावा, चाक लावा आणि जॅकने ते चाक बंपस्टॉपपर्यंत, म्हणजे सस्पेन्शनला शेवटी थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत, वर ढकला. टायर आर्चमध्ये कसा जातो, कुठे टेकतो हे डोळ्यांनी दिसतं. पुढच्या स्ट्रटला मात्र हे घरी करू नका, तिथे स्प्रिंग दाबलेला असतो आणि तो दाबून धरणारा कंप्रेसर सटकला तर हात-तोंड कशाचीही खैर नाही, ते गॅरेजमध्येच.

पत्र्याला हात लावायच्या आधी रिम आणि टायरचं गणित करा

हे गणित पाच मिनिटांचं आहे आणि बऱ्याच वेळा याच्यातच उत्तर निघतं. रिमच्या मागच्या बाजूला ईटी आणि आकडा कोरलेला असतो, तो ऑफसेट. टायरची अर्धी रुंदी घ्या, त्यातून ईटी वजा करा, जे येतं तेवढा टायर हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) तोंडापासून बाहेर आहे. अर्धी रुंदी अधिक ईटी म्हणजे तेवढा आत.

समजा आधी १८५ चा, म्हणजे १८५ एमएम रुंद, टायर आणि ईटी ३८ आहे, तर ९२.५ वजा ३८ म्हणजे ५४.५ एमएम बाहेर. माझ्या गाडीवर नंतर बसवलं होतं २०५ चं टायर ईटी ३५ च्या रिमवर, म्हणजे १०२.५ वजा ३५, ६७.५. टायर सरळ १३ एमएम बाहेर आला! वर गाडी चाळीस एमएम खाली. घासणार नाही तर काय होणार. आता तेच १९५ चं टायर आणि ईटी ४० चं रिम घेतलं तर ९७.५ वजा ४० म्हणजे ५७.५, मूळपेक्षा फक्त ३ एमएम बाहेर. आतल्या बाजूला मात्र ७ एमएम जास्त जातं, तेवढी जागा स्ट्रटपाशी आहे का ते बघायचं.

उंची पण बघा. टायरवरचे आकडे म्हणजे रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि रिमचा इंचातला व्यास. १८५/६० आर१५ चा व्यास होतो ६०३ एमएम, २०५/५० आर१६ चा ६११, १९५/५० आर१६ चा साधारण ६०१. म्हणजे २०५ घेतला की टायर रुंदही झाला आणि त्रिज्येने चार एमएम उंचही झाला. फॅशन म्हणून रुंद रिमवर बारका टायर ताणून बसवायचं जे चाललंय ते आपल्या रस्त्यांवर मला अजिबात पटत नाही, साखरप्याच्या पुढच्या एका खड्ड्यात रिम जाईल. आणि टायर बदलताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, मूळपेक्षा कमी घेऊ नका, ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८२ म्हणजे ४७५.

चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या, म्हणजे स्पेसर, लावलेत का? आधी ते काढून बघा. बंपस्टॉप आहेत का जागेवर? लोअरिंग स्प्रिंग बसवताना बरेच जण बंपस्टॉप कापतात किंवा जुना कुजलेला असतो तो काढून फेकून देतात, मग सस्पेन्शनला थांबवणारं काही राहतच नाही आणि टायर थेट आर्चमध्ये घुसतो. शॉकअप कामातून गेलेत का, सस्पेन्शनचे रबरी बुश गेलेत का, हे पण बघा. ज्या गाडीचे शॉकअप लीक झालेत तिचे फेंडर वाकवून काही होत नाही. आणि स्प्रिंग कापून गाडी लो केली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी नीट स्प्रिंग घ्या, कापलेला स्प्रिंग गाडी पूर्ण उचलल्यावर आपल्या बशीवरून सुटू शकतो, तो विषय घासण्यापेक्षा फार गंभीर आहे.

कायद्याचं पण सांगतो कारण कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ कंपनी स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत शिक्षा अशी तरतूद आहे. म्हणून माझा नियम, टायर बॉडीच्या बाहेर डोकावता कामा नये, कंपनीने दिलेल्या साइजच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहायचं, आणि इन्शुरन्सवाल्याला बदल लेखी कळवायचे. क्लेमच्या वेळी वाद नको.

एवढं सगळं करून पण लिपलाच घासतंय आणि पाच-दहा एमएमचाच प्रश्न आहे, तर मग रोलिंग करा.

पुढचा फेंडर वेगळा, मागचा वेगळा

हे समजून घेतल्याशिवाय हात लावू नका. पुढचा फेंडर हा एकेरी पत्रा असतो आणि बोल्टने बसवलेला असतो, काही बिघडलं तर काढून दुसरा लावता येतो. मागचा आर्च म्हणजे बॉडीचाच भाग, क्वार्टर पॅनल. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतल्या व्हील हाउसिंगचा पत्रा असे दोन थर लिपवर एकमेकांना चिकटवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं आणि जोडावर सीलंट भरलेलं असतं. म्हणून मागचा लिप जाड लागतो, वाकायला जड जातो आणि वाकला की मधलं सीलंट फाटतं. तिथून पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं आणि तांबेरा आतून बाहेर येतो, बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. माझं तेच झालं.

आणखी एक गोष्ट तपासा, त्या आर्चला आधी पुट्टी लागलीय का. सेकंडहँड गाडी असेल तर नक्की बघा. फ्रिजला चिकटवायचा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून आर्चच्या कडेने फिरवा, जिथे पकड ढिली होते तिथे खाली पुट्टी आहे. पुट्टीवर रोलिंग केलं की ती खपलीसारखी निघणार, काही करा. अशा वेळी डेंटरकडे जाऊन पुट्टी काढून, रोल करून, परत रंगवायचं असाच हिशोब धरा.

तयारी

दिवस निवडा. डिसेंबरच्या सकाळी हे काम करू नका, थंड रंग काचेसारखा तडकतो. मार्च-एप्रिलची दुपार सगळ्यात चांगली, पावसाळा लागायच्या आधी, म्हणजे पत्रा मुळातच गरम असतो आणि सील वाळायला पण वेळ मिळतो.

लागणारं सामान: फेंडर रोलर, हीट गन, इन्फ्रारेड थर्मामीटर, दोन जॅक स्टँड, टॉर्क्सचे पाने, वायर ब्रश, ४०० चा पॉलिशपेपर, इपॉक्सी प्रायमर, पॉलियुरेथेन सीम सीलर (पत्र्यांच्या जोडात भरायचं सीलंट), कलर कोडचा टचअप रंग, अंडरबॉडी कोटिंग. रोलर म्हणजे एक लोखंडी हात असतो, एका टोकाला प्लेट जी चाकाच्या जागी हबवर बसते, दुसऱ्या टोकाला कडक प्लास्टिकचं चाक. हाताची लांबी आणि चाकाचा कोन बदलता येतो. विकत घ्यायची गरज नाही, मोठ्या शहरांत मॉडिफिकेशन करणारे दुकानदार किंवा डेंटर भाड्याने देतात, ओळखीच्या ग्रुपमध्ये विचारलं तरी एखाद्याकडे मिळतो. भाड्याने घेण्याआधी तुमच्या हबचा पॅटर्न त्याला बसतो का विचारा, पोलोला ५ गुणिले १०० आहे, म्हणजे १०० एमएम व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट, आणि चाकाला नट नसून बोल्ट असतात त्यामुळे योग्य लांबीचे बोल्ट लागतात.

टायर आणि लिपच्या मध्ये लाकडी दांडका घालून गाडी पुढे-मागे ढकलायची पद्धत पण लोक सांगतात. मी नाही सांगणार. दाब कुठे किती पडतोय त्याच्यावर आपला ताबा राहत नाही, दांडका निसटतो आणि बाहेरून पत्र्याला लाट येते, ती लाट काढायला डेंटरकडेच जायला लागतं. हातोडीनेच करायचं असेल तर निदान रबरी हातोडी, मागे डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) किंवा लाकडाचा ठोकळा, हलके हलके शंभर ठोके, पाच जोरदार नाही.

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक, उरलेली चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट (पाचर) लावा, जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून आर्चमध्ये डोकं घालू नका, विनंती आहे. मागच्या चाकाचं काम करत असाल तर हँडब्रेक काही कामाचा नाही, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ओट लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.

चाक काढा. पुढे असेल तर लायनरचे लिपवरचे स्क्रू काढून लायनर मागे सरकवा. खूप वेळा टायर लिपला नाही तर या स्क्रूच्या डोक्यालाच लागत असतो, तसं असेल तर चपट्या डोक्याची क्लिप लावून काम होतं, पत्रा वाकवायचीच गरज नाही. मागे असेल तर लिपवरचं जुनं सीलंट आणि अंडरकोटिंग हीट गनने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने काढा. हे काढलं नाही तर रोलरखाली ते गोळा होतं आणि रंगाला सोबत ओढून नेतं. लिपच्या मागच्या खाचेत वाळू अडकलेली असते, ती पूर्ण धुऊन कोरडी करा. एक वाळूचा कण रोलरखाली आला तर बाहेरून खूण दिसेल.

रोलिंग

रोलर हबवर बसवा, बोल्ट नीट घट्ट करा. हब आर्चच्या साधारण मध्यावर येईल असा खालून जॅकने थोडा उचला, म्हणजे हाताचा वर्तुळाकार मार्ग आर्चच्या गोलाईशी जुळतो. हब खाली लोंबकळत असला की रोलर मध्यभागी जोरात दाबतो आणि टोकांना लागतच नाही, बऱ्याच जणांचा आर्च वर मध्यभागी चेपतो तो यामुळे.

आता गरम करणं. हीट गन हातभर अंतरावरून फिरवत ठेवा, एका जागी थांबवू नका, आतून पण आणि बाहेरून पण. थर्मामीटरवर ५० ते ६० डिग्री आलं की पुरे. थर्मामीटर नसेल तर तळहात ठेवून बघा, दोन-तीन सेकंदात उचलावासा वाटला म्हणजे बरोबर. त्याच्या फार वर गेलात तर रंगाला फोड येतात. बंपरचं टोक जवळ असतं, ते प्लास्टिक आहे, त्याच्यावर ओलं जाड फडकं ठेवा.

रोलरचं चाक लिपला हलकेच टेकेल एवढीच हाताची लांबी ठेवा, कोन असा की चाक लिपला खालून थोडं आतल्या बाजूने टेकतंय. आधी दाब न देता एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, कुठे अडकत नाही ना बघा. मग रोलरचा हात एक आटा वाढवा आणि फिरवा, घड्याळातल्या दहापासून दोनपर्यंत, सावकाश, दहा-पंधरा वेळा. परत तापमान बघा, परत गरम करा, परत एक आटा. लिप सुरुवातीला जमिनीला समांतर असतो, तो हळूहळू वर आतमध्ये वळायला लागतो. थोडा वळला की रोलरच्या चाकाचा कोन बदला, परत तेच. एका आर्चला मला पाऊण तास ते एक तास लागतो आणि मागच्याला त्याहून जास्त. ज्याने पंधरा मिनिटांत केलं त्याने रंग तोडलाच असणार.

प्रत्येक कोन बदलल्यावर बाहेर येऊन पॅनलकडे तिरकं बघा, ट्यूबलाइटचं किंवा उन्हाचं प्रतिबिंब सरळ रेषेत दिसलं पाहिजे, नागमोडी दिसलं की तिथेच थांबा, दाब कमी करा, जास्त लांबीवर फिरवा. लिप पूर्ण वळल्यावरही आटे वाढवत राहिलात तर आख्खा फेंडरच बाहेर ओढला जायला लागतो. त्याला पुलिंग म्हणतात, ते वेगळं काम आहे, त्यात रंग टिकायची खात्री नसते आणि गाडीचा आकार बदलतो. आपल्याला ते नकोय.

पुढचा एकेरी लिप पूर्ण आत चपटा करता येतो. मागचा दुहेरी लिप पूर्ण चपटा करायच्या मागे लागू नका, पंचेचाळीस डिग्रीपर्यंत वळला की चिकणमातीचा गोळा परत लावून टेस्ट घ्या. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं आणि स्पॉट वेल्डवर ताण येत नाही. टोकांना, म्हणजे बंपर जोडणाऱ्या क्लिपा असतात तिथे, लिप तसाच सोडा, नाहीतर बंपर नीट बसणार नाही आणि जोडात फट दिसत राहील.

लिप फारच जाड असेल आणि वळतच नसेल तर काही डेंटर ग्राइंडरने लिपमध्ये पाच-सहा सेंटिमीटरवर छोट्या चिरा देतात आणि मग वळवतात. चालतं, पण चिर फक्त लिपमध्येच, बाहेरच्या पॅनलपर्यंत नाही, आणि प्रत्येक चिरेला उघडा पत्रा आहे हे लक्षात ठेवून लगेच प्रायमर. आख्खा लिप कापून टाकतो म्हणणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका. लिपवरच दोन्ही पत्र्यांचे स्पॉट वेल्ड आहेत, लिप गेला की दोन्ही थर मोकळे. परत वेल्डिंग करून जोडणार असेल तरच, आणि तेव्हाही जवळ पेट्रोल टाकी आणि आतली मॅटिंग आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सील

रोलिंग झालं की लोक चाक लावून चक्कर मारायला निघतात. थांबा. टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन लिपच्या आतून इंचाइंचाने फोटो काढा, झूम करून बघा. केसासारख्या भेगा हमखास असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. जिथे भेग दिसेल तिथे पॉलिशपेपरने हलकं घासा, थिनरने पुसा, कोरडं करा, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. प्रायमर वाळला की दोन पत्र्यांच्या जोडावर सीम सीलर भरा, बोटाने दाबून आत घाला, नुसता वरून पट्टा मारू नका, तो वर्षभरात सुटतो. मग रंग, मग चोवीस तास तसंच ठेवा, त्यानंतर अंडरबॉडी कोटिंग. सीलर ओला असताना वर कोटिंग मारलं तर आतला सीलर वाळतच नाही.

कोकणात, गोव्यात, मुंबईत किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी याच्या पुढे एक काम करा, मागच्या आर्चच्या आतल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (तांबेरा रोखणारं मेण) मारून घ्या. डिकीतलं बाजूचं अस्तर सोडवलं की नळी आत जाते. खारी हवा आणि चार महिने पाऊस, तिथला पत्रा वाट बघत नाही.

पुढचा लायनर

पुढे स्टिअरिंग वळवल्यावर लायनरला घासत असेल तर तो काढून फेकू नका. त्याच्या मागे वायरिंग, कनेक्टर, काही गाड्यांत हॉर्न असतो, सगळ्यावर चिखल जातो. घासतो ती जागा हीट गनने मऊ करा, जाड हातमोजा घालून आत दाबा आणि ओल्या फडक्याने थंड होईपर्यंत धरून ठेवा, प्लास्टिक तो आकार धरतं. तेवढं पुरलं नाही तरच घासणाऱ्या जागेपुरता तुकडा कापा आणि मागून रबराची शीट लावून खिडकी बंद करा. एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेक होज त्यांच्या क्लिपमध्ये परत बसवलेत का ते स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून बघा. हे विसरून निघालात तर टायर वायरच कापेल.

चाक लावून टेस्ट

हबचं तोंड वायर ब्रशने साफ करा, चाक लावा, बोल्ट एकाआड एक समोरासमोर घट्ट करा. पोलोला टॉर्क, म्हणजे बोल्ट घट्ट करायचा जोर, १२० न्यूटन मीटर, तुमच्या गाडीचा मॅन्युअलमध्ये बघा. पाइप लावून अंदाजे घट्ट करू नका. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क रेंच लावा. व्हील अलाइनमेंट करून घ्या, विशेषतः टो (चाकं समोरून आत-बाहेर किती वळलेली आहेत ते), तो बिघडलेला असेल तर टायर आतून झिजतो आणि आपल्याला वाटतं घासून झिजलाय. पोलोला मागे टॉर्शन बीम असल्यामुळे मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) तसाच राहतो, पुढे मात्र बघून घ्या.

मग परत तीच टेस्ट, खडू आणि गोळे, मागे तीन माणसं, डिकीत सामान, तोच स्पीडब्रेकर. नियमातला स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, पण आपल्या गल्लीतले कसे असतात तुम्हाला माहिती आहे, त्यातल्या सगळ्यात उभ्या स्पीडब्रेकरवरच टेस्ट करा. एखादं लांब वळण घ्या, मोकळ्या रस्त्यावर, सुरक्षित वेगात. गोळा पाच एमएमपेक्षा पातळ झाला असेल तर अजून एक राउंड रोलिंग करण्याऐवजी मी थोडा जाड बंपस्टॉप लावेन किंवा कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) असतील तर गाडी दहा एमएम वर घेईन. माझ्या गाडीत शेवटी तेच झालं, मागचे दोन्ही लिप पंचेचाळीस डिग्री वळवले, टायर १९५/५० वर आलं, रिम ईटी ४० चं, आणि मागून गाडी आठ एमएम वर. दिसायला फरक कोणाला कळत नाही. गणपतीला परत आंबा घाटातून गेलो, तेवढीच माणसं, डिकीत मखराचं सामान, एकदाही आवाज नाही.

ज्या टायरला आधीच चर पडलाय तो मात्र बदला, रोलिंग झालं म्हणून तोच चालवत राहू नका, आतले धागे तुटलेत का ते बाहेरून कळत नाही. स्टेपनी म्हणून पण ठेवू नका.

आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये अर्धा तास काढा. चाकं काढून आर्च धुवा, वाळू द्या आणि सीलच्या पूर्ण रेषेवरून कोरडं बोट फिरवा. कुठे सीलर पत्र्यापासून सुटलाय, कुठे बोटाला तपकिरी पावडर लागतेय, कुठे रंगाखाली छोटासा फुगा आहे, तेवढीच जागा उघडा, घासा, प्रायमर, सीलर. तेव्हा लक्ष दिलं तर ते एका दुपारचं काम आहे.